ट्रॉलीचा तांबडा हात : प्रायमर म्हणजे रंग नव्हे



गळीत हंगाम आटोपला. ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या आपापल्या वस्तीवर परतल्या आणि आता गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे त्यांची रांग लागली आहे. कुठे तळाचा पत्रा बदलायचा, कुठे फाळक्याची बिजागरी तुटलेली, कुठे हुकाला ठिगळ. काम झाले की मिस्त्री हाताखालच्या पोराला सांगतो, "मार रे त्याला रेड ऑक्साइड." तासाभरात ट्रॉली वाळल्या मिरचीसारखी तांबडीलाल होते. मालक म्हणतो, झाली रंगवून. मग ती तशीच लिंबाखाली उभी राहते. मृगापासून हस्तापर्यंत सगळी नक्षत्रे तिच्या अंगावरून जातात आणि दसऱ्याच्या सुमारास ट्रॅक्टर जोडायला जावे, तो सांध्यासांध्यातून गंजाचे ओघळ आलेले. मालक मिस्त्रीला बोलतो, मिस्त्री डब्याला बोलतो.

डब्याचा दोष त्यात थोडाच. प्रायमरला आपण रंग समजलो, इथेच सारे बिघडले.

शेतकी खात्याने लागण, बेणे, खते यांवर लिहावे, रंगाऱ्याचे काम कशाला सांगावे, असे कोणी म्हणेल. पण तोडलेला ऊस रस्त्यात अडकला की काय होते ते आपण सर्वजण जाणतो. ट्रॉलीचा आख बसला किंवा हूक तुटला, ऊस दोन दिवस उन्हात राहिला, की वजनही घटते आणि उताराही घटतो. पहिला तोटा सभासदाचा, दुसरा कारखान्याचा, म्हणजे फिरून सभासदाचाच. आणि भरल्या ट्रॉलीचा हूक उतारावर तुटला तर नुसत्या तोट्यावर भागत नाही. तेव्हा हा विषय आमच्या खात्याचा आहे असे आम्ही समजतो.

प्रायमर कशासाठी असतो?

गवंडी गिलाव्याचा पहिला हात देतो तेव्हा त्यावर मुद्दाम रेघा ओढून तो खरबरीत ठेवतो. का? तर पुढचा हात त्याला घट्ट धरावा म्हणून. त्या रेघा बघून घर पुरे झाले असे आपण म्हणत नाही. प्रायमर हा असाच पहिला हात आहे. खाली लोखंडाला चिकटायचे आणि वर येणाऱ्या रंगाला धरून ठेवायचे, हे त्याचे मुख्य काम. पाऊस आणि ऊन अंगावर घेणे हे त्याचे काम नव्हे, त्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

हे नीट समजायचे तर डब्यात काय असते ते पाहिले पाहिजे. कुठल्याही रंगात तीन गोष्टी मुख्य : बारीक पूड, ती पूड बांधून ठेवणारी राळ, आणि दोन्ही पातळ करणारे थिनर. थिनर उडून जाते. मागे राहते पूड आणि राळ. चकाकणाऱ्या ऑइलपेंटमध्ये राळ भरपूर असते. ती पुडीचा प्रत्येक कण बुडवून वर सलग पापुद्रा धरते, म्हणून चकाकी येते आणि पाणी घसरून जाते. प्रायमरमध्ये पूड जास्त आणि राळ बेताची. बेसनाच्या लाडवात तूप कमी पडले तर लाडू कसा भुसभुशीत होतो, तसा काहीसा प्रकार. त्यामुळेच प्रायमर खरबरीत, बिनचकाकीचा दिसतो आणि पुढचा रंग त्याला छान धरतो. पण त्याच कारणाने त्यातून पाण्याचा अंश आणि हवा हळूहळू आत जाते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढणारच. पुन्हा गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो पापुद्र्याखाली फुगतो, पापुद्रा उचलतो, आणि उचललेल्या पापुद्र्याखाली आणखी पाणी साठते. वरून तांबडे दिसत असते, त्यामुळे आत काय चालले आहे ते समजतच नाही. गंज तांबडा आणि प्रायमरही तांबडा!

या तांबड्या रंगाविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. रेड ऑक्साइड या नावामुळे पुष्कळांना वाटते की हा तांबडा पदार्थच गंज थांबवतो. तसे नाही. तो लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूतले तेच द्रव्य, आणि गंजाचा जवळचा नातेवाईक. तो स्वस्त असतो, उन्हाने विटत नाही, म्हणून वापरतात. गंजाला अटकाव करणारे द्रव्य वेगळे घालावे लागते : पूर्वीपासून झिंक क्रोमेट, हल्ली पुष्कळ ठिकाणी झिंक फॉस्फेट. चांगल्या डब्यात ते असते. सुट्ट्या आणि बिननावाच्या डब्यात नुसती तांबडी पूडच असण्याची शक्यता जास्त. झिंक क्रोमेटयुक्त रेड ऑक्साइड प्रायमरसाठी आय. एस. २०७४ हे भारतीय मानक आहे. डबा घेताना त्यावर हा आकडा आहे का ते वाचून घ्यावे. मात्र हे अटकाव करणारे क्रोमेट पाण्यात थोडे थोडे विरघळते. तीच त्याची काम करण्याची रीत आहे. वर रंगाचे छप्पर असेल तर ते जागच्या जागी राहून लोखंडाचे रक्षण करते. छप्पर नसेल तर पावसागणिक धुपून जाते. उघड्या रानातून खत वाहून जावे तसेच हे.

उन्हाचे काम निराळे. वर्षभर उन्हात राहिलेल्या प्रायमरवर तळहात घासून पाहा. हाताला तांबडी भुकटी लागते. ऊन राळ जाळते आणि पूड मोकळी होते. ती पावसाने वाहून गेली की थर तेवढा पातळ झाला.

ट्रॉलीचे दुखणे मोटारीपेक्षा जास्त

मोटारीला पाऊस आणि धूळ लागते. आपल्या ट्रॉलीला काय काय लागते ते मोजा. उसाचा रस मुळात आंबट असतो. सांध्यात, खोबणीत साठलेला रस आंबतो आणि त्याची आम्लता वाढते. हंगाम संपला की तीच ट्रॉली शेणखत वाहते, प्रेसमड वाहते आणि लागणीच्या दिवसांत खताची पोती वाहते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाने जवळपास निम्मा क्लोराइड असतो, आणि लोखंडाचा क्लोराइडएवढा वैरी दुसरा नाही. फुटक्या पोत्यातले दोन-चार मुठी खत तळाच्या पत्र्याखालच्या पट्टीवर पडले, त्यावर दव पडले, की काम सुरू. अशा ठिकाणी प्रायमरचा एक हात किती दिवस टिकणार?

त्यातही गंज सगळीकडे सारखा लागत नाही. तो प्रथम वेल्डिंगच्या कडेला लागतो, पट्टीच्या धारदार कडांना लागतो आणि तळाचा पत्रा आडव्या चॅनेलवर जिथे टेकतो त्या फटीत लागतो. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो, त्यामुळे कडेवर थर सर्वांत पातळ बसतो. रंगारी मोठ्या पत्र्यावर दोनदा ब्रश फिरवतो आणि कडेवर ओझरता. व्हायला पाहिजे नेमके उलटे.

रंगाआधी हूक तपासा

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो. कित्येक ट्रॉल्या हंगामापूर्वीच्या तपासणीला नुकत्याच प्रायमर मारून येतात. दिसायला नव्यासारख्या. पण हुकाच्या मानेपाशी, दांड्याच्या वेल्डिंगपाशी केसासारखी चीर असेल तर ती या तांबड्या हाताखाली बुजून गेलेली असते. चीर असलेल्या जागी गंजाची एक बारीक रेघ उमटते, ती खरी खूण. तिच्यावरच ब्रश फिरला की मग ती दिसते तुटल्यावरच.

तेव्हा डबा उघडण्याआधी हूक, दांडा, पिनचे भोक आणि आखाच्या पकडी तारेच्या ब्रशने उघड्या लोखंडापर्यंत घासा. जुन्या रेल्वे कारखान्यांतली एक साधी रीत इथे उपयोगी पडते. घासलेल्या जागी रॉकेल लावायचे आणि थोडा वेळ मुरू द्यायचे. मग फडक्याने कोरडे पुसून वर खडूची पूड किंवा पातळ चुना द्यायचा आणि वाळू द्यायचे. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उठते. हातोडीने हलके ठोकले तर आणखी स्पष्ट दिसते. अशी रेघ दिसली तर रंग नाही, वेल्डिंगसुद्धा नाही. आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा. चिरेवर वरून टाका मारला तर खालची चीर तशीच राहते. ती मुळापासून खोलून भरावी लागते, नाहीतर तो भाग बदलावा लागतो. तपासणी झाली की चुना आणि रॉकेल थिनरने पुसून काढा, त्यावर रंग धरत नाही.

रंगकाम

पहिले काम धुणे. भरपूर गोड्या पाण्याने धुवा. खारवट विहिरीचे पाणी असेल तर शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा द्या. मग दोन दिवस कडक ऊन. गंजाचे पोपडे पटाशीने किंवा ठोकून काढा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा. वेल्डिंगची खपली आणि उडालेले बारीक थेंब छिन्नीने काढा. त्यानंतर पुसायला थिनर घ्या. आपल्याकडे डिझेलच्या बोळ्याने पुसायची सवय आहे, ती सोडा. डिझेलचा तवंग पत्र्यावर राहतो आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही. ट्रॉलीच्या खालून जळके तेल फासणारेही पुष्कळ आहेत. त्याने पाणी काही दिवस अडते हे खरे, पण त्याला धूळ चिकटते आणि पुढे तिथे रंग लावायचा म्हटले तर आधी ते सोडवताना जीव जातो. तेल तरी लावा नाहीतर रंग तरी द्या, दोन्ही एका जागी चालत नाहीत.

घासलेल्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. रात्रीचे दव पडले की उघडे लोखंड सकाळी पिवळे झालेच म्हणून समजा. वैशाखातल्या भर दुपारीही लावू नका. पत्रा हात ठेववत नाही इतका तापलेला असतो, थिनर झटकन उडते आणि प्रायमर नीट पसरायच्या आतच सुकतो. सकाळी पत्रा कोरडा झाल्यावर किंवा सावलीत काम करावे. कडांना, वेल्डिंगला आणि बोल्टांभोवती आधी ब्रशने एक वेगळा हात, मग सगळीकडे. डब्यावर लिहिलेला वेळ वाळू दिल्यावर ऑइलपेंटचे दोन हात, आणि तेही दोन-चार दिवसांत. प्रायमर मारून "रंग पुढच्या बाजाराला आणू" म्हणू नये. तो पुढचा बाजार दिवाळीनंतर उजाडतो.

खर्चाचा हिशेब करून पाहू. हौदा १२ फूट लांब व ६ फूट रुंद धरला तर तळ ७२ चौरस फूट, वरून-खालून मिळून १४४. फाळके, चासी, दांडा धरून सगळे ३०० चौरस फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. ऑइलपेंट एका लिटरला सुमारे १० चौरस मीटर जातो. दोन हातांना साडेपाच ते सहा लिटर, खडबडीत पत्र्याला थोडा जास्त. तळाचा एक पत्रा बदलायला मजुरीसह काय पडते ते ज्याचे त्याला ठाऊक आहे.

हौद्याच्या आतल्या तळाविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. तिथे कितीही चांगला रंग द्या, उसाने आणि मोळ्या ओढण्याने तो एका हंगामात घासून जातो. तिथे फार पैसा घालू नये. घालायचा तो खालच्या बाजूला, जी कोणी बघत नाही. तिथे ऊन लागत नसल्याने डांबरी काळा रंगही चांगला टिकतो; फक्त डांबरी रंगावर पुढे ऑइलपेंट लावायला जाऊ नका, डांबर फुटून वर येते. बंद चौकोनी पाइपाच्या चासीला खालच्या बाजूला पाणी निघायला भोक आहे का तेही पाहा.

रंगवताना चासीवर ठोकलेला नंबर, नंबरपाटी आणि परावर्तक यांवर ब्रश जाऊ देऊ नका. विटलेल्या प्रायमरची ट्रॉली रात्री मातीच्या रंगात मिसळून जाते. बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी असली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसतच नाही. मागे लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी स्वच्छ ठेवा. ऊस पट्टीवर लोंबकळत असेल तर तो वर आवळा.

जीप, मडगार्ड आणि दोन डब्यांचे प्रायमर

तरुण सभासदांपैकी काहींनी जुन्या जीपा घेतल्या आहेत आणि करड्या प्रायमरवरच त्या फिरवतात. दिसते झोकदार, हे मान्य. पण मोटारीच्या करड्या प्रायमरमध्ये, तो घासून गुळगुळीत करता यावा म्हणून, शंखजिऱ्यासारखी पूड भरलेली असते आणि ती ओलावा धरते. बिनचकाकीचाच रंग आवडत असेल तर तसा वरचा रंग मिळतो, तो प्रायमरवर द्यावा. दुकानातून नवीन मडगार्ड किंवा बॉनेट काळ्या रंगात येते, तेही रंगवलेले नसते. कारखान्यात टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने चढवलेला तो प्रायमरच. गंजाला तो चांगला, पण उन्हाला कच्चा. घासून, रंगवूनच बसवावे.

दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर हा मात्र वेगळ्या जातीचा. त्यातून पाणी बरेच कमी जाते आणि अडचणीमुळे काम काही दिवस थांबणार असेल तर त्याचाच भरवसा. चासीच्या खालच्या बाजूला, सावलीत, तो चांगला टिकतो. उन्हात त्याचीही भुकटी होते. शिवाय ठरावीक मुदतीच्या आत वरचा रंग दिला नाही तर तो घासल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. मुदत डब्यावर दिलेली असते. याच जोडीने मिळणाऱ्या दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगाबाबत सावध राहा. त्याच्या दुसऱ्या डब्यातल्या द्रव्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. वस्तीवर त्याची फवारणी नको.

काही सभासद म्हणतील की मोठमोठे पूल तांबडेच असतात की. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. त्याचे पोलाद तांबडा प्रायमर लावूनच आले होते, आणि तो रंग डोंगर-समुद्राच्या पार्श्वभूमीवर शोभला म्हणून पुलाला तसाच केशरी-तांबडा रंग दिला. पण दिला तो प्रायमरच्या वर, वेगळा. १९६० नंतरच्या दशकांत तो सारा खरवडून जस्ताचा प्रायमर आणि त्यावर नवा रंग चढवण्याचे काम १९९५ पर्यंत चालले.

त्या काळचा तांबडा प्रायमर शेंदराचा असे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. घरगुती व शोभेच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. परंतु जुन्या ट्रॉलीवर, जुन्या टाक्यांवर पूर्वीचे काय असेल सांगवत नाही. क्रोमेटची धूळही फुप्फुसाला घातकच. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा, नाकातोंडावर चांगला मास्क लावा आणि खरवड गोळा करून ठेवा. गुरांना शिशाची चव गोडसर लागते आणि ती ते चाटतात. वासरांना थोडेही बाधते. गोठ्याजवळ हे काम करू नये, रंगवलेल्या ट्रॉलीला जनावर बांधू नये. आणि उरलेला प्रायमर गव्हाणीला फासू नये. कारखान्याची गव्हाण नव्हे, गोठ्यातली!

ज्यांच्या ट्रॉल्या गेल्या वर्षीपासून नुसत्या प्रायमरवर आहेत त्यांनी काय करावे, असे गटातून विचारले जाते. त्या प्रायमरवर थेट ऑइलपेंट ओढू नये. आधी धुवावे, वाळवावे आणि सगळीकडे पाणी मारून घासावे. जिथे फुगवटा दिसेल तिथे उघड्या लोखंडापर्यंत जाऊन तेवढ्या जागी नवा प्रायमर द्यावा आणि मग दोन हात रंग. मृग निघायला आहेत तेवढे दिवस पुरेसे आहेत.

ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यासाठी उसाच्या प्लॉटसारखेच एक प्रात्यक्षिक करणार आहोत. एकाच चॅनेलच्या दोन पट्ट्या कापून, एकीला नुसता रेड ऑक्साइड आणि दुसरीला त्यावर ऑइलपेंटचे दोन हात देऊन, त्या प्रत्येक गट ऑफिसच्या दारातल्या कुंपणाला मृगाच्या आधी बांधल्या जातील. दोन्हींच्या मधोमध खिळ्याने एकेक ओरखडा काढलेला असेल. करारासाठी गट ऑफिसला याल तेव्हा ओरखड्याच्या कडेला नख लावून पाहा.